गाण्यातून गळालेलं नाव

आषाढी पौर्णिमा उलटली आणि आमच्या गावच्या विहारातली सतरंजी कपाटावरून खाली आली. एरवी ती गुंडाळून पडलेली असते. वर्षावास लागला की उलगडते आणि पोटात कोंडून ठेवलेलं सगळं एकदम सोडून देते. मागच्या साली सांडलेली खीर, खोबरेल, ओल्या छत्र्या, उदबत्ती, शेतातून थेट येऊन बसलेल्या माणसांच्या पायांची माती. लोकांचे ऋतू आभाळातून येत असतील. माझा सतरंजीतून येतो. मी पेटी घेऊन दारात उभा राहतो, छातीभर श्वास घेतो आणि दणदणीत शिंकतो. झाला ऋतू सुरू.

या साली मी शिंकलो, सगळे हसले, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी खिशात फोन वाजला. आधी तंबोऱ्याची तार, मग एका बाईचा आवाज. भरलेला, जरा घोगरा, वर चढत जाणारा. तो टिपेला पोचणार एवढ्यात फोनवाल्याने विंचू चावल्यासारखा खिशावर हात मारला. हसणं थांबलं. सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. खांबाला टेकून विमलआक्का मेणबत्त्यांचे कागद सोलत बसली होती. फोनमधला आवाज तिचा होता. तिने मान वर केली नाही.

विमलआक्का माझी चुलत बहीण. गावातच दिलेली. माझ्या मिशा पिकल्या, दोन दाढा गेल्या, तरी ती मला अजून ‘लहान्या’ म्हणते. मी खामगावात राहतो. वाद्यं दुरुस्त करतो, विकतो, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाजवत बसतो, म्हणजे दिवसाचा बराच वेळ वाजवतच असतो. तरुणपणी ऑर्केस्ट्रात होतो. चमचमतं जाकीट घालून कीबोर्ड वाजवायचो. ते जाकीट अजून आहे. मी त्यात मावत नाही, ही जाकिटाची चूक. पावसाळ्यात मात्र जमेल त्या संध्याकाळी बस धरून मोताळ्याच्या अलीकडे आमच्या गावी उतरतो, कारण विहारातली पेटी माझ्याकडे आहे. म्हणजे पेटी विहाराची, बोटं माझी.

वर्षावास म्हणजे पूर्वी भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने फिरणं थांबवून एका जागी राहत, तो काळ. आता भिक्खू क्वचित येतात, पण थांबण्याचं काम आम्ही पुढे चालवलं आहे. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. वाचतात वानखडे सर. शाळेतून निवृत्त झाले आहेत, पण आवाज असा की स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो. वाचन झालं की ज्या घरची पाळी असेल त्या घरचं दान, घरातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत. खीर, नाहीतर चहा-चिवडा. आणि इथे आमच्या गावाची एक स्वतःची रीत आहे. मी पेटी घेऊन बरीच गावं हिंडलो, पण ती दुसरीकडे पाहिली नाही. त्या घरची बाई उभी राहून एकटीने एक पाली गाथा म्हणते. जे घडलं ते मोडणार, असा तिचा अर्थ. गाथा चढत चढत टिपेला जाते, आणि तिथे, श्वास न सोडता, त्याच सुरात ती बाई गेलेल्या माणसाचं नाव घेते. गाऊन. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. सगळं विहार म्हणतं, साधु, साधु, साधु. मग खीर.

ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही. का पाडली असेल ते मात्र मला कळतं. आमच्या आजोबांचं नाव दगडू. त्यांच्या भावाचं कचरू. तीही कुणी पूर्ण घेत नसे. दगड्या, कचऱ्या. नाव म्हणजे दुरून भिरकावायची वस्तू होती. पुढे धम्म घेतला आणि लोक नावं निवडायला बसले, सून निवडतात तसे, चार घरी विचारून. आक्काला मुलगा झाला तेव्हा वानखडे सरांनी सुचवलं, धम्मदीप. बारशाला आलेल्या म्हाताऱ्यांना ते जोडाक्षर काही जमेना. एक म्हातारी तर पाळण्याशी बसून किती वेळ नुसता सराव करत होती. पण लाडाचं आखूड नाव ठेवायला आक्काने साफ नकार दिला. ‘पुरं घ्या,’ ती सगळ्यांना बजावायची. ‘पुरंच नाव आहे त्याले.’

हा धम्मदीप मोठा होऊन खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर लागला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानात यायचा आणि ढोलकी घेऊन बसायचा. आमच्या खानदानात एवढा बेताल वाजवणारा माणूस झाला नाही. हात ढोलकीवर पडायचा तो जणू चुकून. पण आनंद असा की ढोलकीलाच लाज वाटावी. किसनभाऊजी तो लहान असतानाच गेले होते, त्यामुळे आक्काचं जे काही होतं ते एवढंच. एका पावसाळ्यात मलकापूर रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. घरी निघाला होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात टोबी आला.

भरदुपारी दुकानात अंधार झाला म्हणून वर पाहिलं, तर दार भरून एक गोरा माणूस उभा. गळ्यात माळा इतक्या की नवरदेव वाटावा, काखेत पेटी. लोणारचं सरोवर पाहायला गेला होता. तिथल्या मुक्कामात उंदराने पेटीचा भाता कुरतडला. लोणारच्या उंदरांनाही अध्यात्माची भूक असते. आता त्याला जलंबला जाऊन पुढची गाडी धरायची होती, पण पेटीशिवाय हलणार नव्हता. मी भाता पाहिला, चुकचुकलो, डॉक्टर करतात तसा चेहरा केला आणि म्हणालो, पावसाळी हवेत सरस लवकर वाळत नाही, थांबावं लागेल. तो बनारसला शिकलेल्या हिंदीत म्हणाला, ‘मैं शांति की खोज में हूँ. मैं प्रतीक्षा करूँगा.’ आमच्या खामगावात एवढी शुद्ध हिंदी फक्त रेल्वे स्टेशनवरचा भोंगा बोलतो.

तो तिकडे गाणी रचून गायचा. थोडंफार नाव होतं. आता त्याला आपल्या गाण्यात पूर्व हवी होती, आणि पूर्व म्हणजे पेटी अशी त्याची समजूत होती. मी दोन दिवस मजा घेतली, मग सांगून टाकलं. बाबा रे, ही मूळची तुमच्याकडची. तिला खाली पायाने दाबायचे पायटे होते, खुर्चीवर बसून वाजवायचे. आम्ही तिचे पाय काढले आणि तिला मांडी घालून बसायला शिकवलं. टोबी इतका हिरमुसला की मला चहा मागवावा लागला.

खरं तर त्याच्या आधीपासून मी या प्रकाराचा जुना शौकीन. ऑर्केस्ट्रात असताना कुणीतरी विलायती कॅसेट आणायचं. दोन गिटार, ढोल, इंग्रजी आरडाओरडा, आणि त्यात मधेच सतार! परक्याच्या लग्नात जेवायला बसावं आणि समोरच्या पंगतीत आपला मामा दिसावा, तसं व्हायचं. मी उडीच मारायचो. पुढे पुढे अशी गाणी पुष्कळ ऐकली. कुणी मंत्र घालायचं, कुणी तंबोरा, कुणी नुसतीच घंटा. सगळं एक आहे, मी नाही, तू नाहीस, नदी वाहते आहे. छान वाटायचं. पण हळूहळू एक खटकायला लागलं. मामाला पंगतीत बसवलं होतं, हार घातला होता, पण कुणी त्याला विचारलं नव्हतं की तुमचं गाव कोणतं. त्या गाण्यांतल्या पूर्वेला डास चावत नाहीत. तिथे कुणाची बस चुकत नाही. तिथे सगळे डोळे मिटून बसलेले असतात आणि एकालाही आडनाव नसतं.

मी गावी निघालो तेव्हा टोबीही निघाला. विहारात त्याला पाहायला जितके लोक आले, तितके वाचनाला कधी आले नव्हते.

‘नाव काय म्हने याचं?’

‘टोबी.’

‘अबे, हे तं पाटलाच्या कुत्र्याचं नाव होय.’

‘त्याचं टॉमी आहे बे.’

‘एकच झालं. दोघंही गोरेच आहेत.’

आक्काने सगळ्यांना गप्प केलं आणि चौकशी हातात घेतली. मी मधे दुभाष्या.

‘तुमच्या देशात पानी पडते का?’

टोबी म्हणाला, रोजच.

‘मंग इथी पानीपाऊस पाहाले काऊन आला?’

‘मन की शांति के लिए.’

‘माय आहे का तुले?’

आहे म्हणाला.

‘तू इथी आहे हे तिले माहीत आहे?’

टोबी गळ्यातल्या माळा चाळवू लागला.

‘पयले फोन लाव तिले. मंग कर शांती.’

आणि त्या सहा फुटी माणसाने ओट्यावर जाऊन खरंच फोन लावला. आतून आम्हाला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण आईशी बोलतानाचा आवाज कुठल्याही मुलखात ओळखू येतो. त्या दिवसापासून तो आक्काचा झाला. भाकर तिच्याकडे, बसणं-उठणं तिच्या ओसरीवर. आमची ती मान डोलवण्याची लकब, हो आणि नाही यांच्या मधली, ती त्याने दोन दिवसांत उचलली आणि मग प्रत्येक गोष्टीला डोलवू लागला. भाजी तिखट आहे का? मान. झोप झाली का? मान. पोरांना मोठा खेळच मिळाला.

एका संध्याकाळी वानखडे सरांनी अनात्मावर सांगितलं. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तसं आत काही बसलेलं नाही, ते तुकड्यांचं जोडकाम आहे, सतत बदलणारं. मी हिंदीत सांगत गेलो. टोबीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘यही! यही!’ तो ओरडला. ‘मैं कोई नहीं हूँ!’ आणि उठून त्याने सरांना मिठी मारली. सरांना आयुष्यात कुणी वर्गात मिठी मारली नव्हती. त्यांचा चष्मा वाकडा झाला.

आक्का माझ्या कानाशी लागली. ‘हे काऊन एवढं खुश होऊन राह्यलं रे? तुम्ही कोनी नाई, असं सांगनारे आपल्याले तं लय भेटले. आपन नाई नाचलो कधी.’

मी फिस्सकन हसलो, आणि हसून झाल्यावर लक्षात आलं की ही हसण्याची गोष्ट नाही. ज्याच्याकडे नाव जन्मापासून आहे, पाटीवर आहे, गाण्याखाली छापलेलं आहे, त्याला ते उतरवून ठेवावंसं वाटतं. अंगरखा उतरवावा तसं. त्यात खोटं काही नाही. फार दिवस घातलेला अंगरखा जड होतोच. पण ज्याने तो कालच शिवून घेतला, त्याला तुम्ही काय सांगणार?

मग आक्काच्या दानाची पाळी आली. टोबीने हात जोडून विचारलं, तुमचा आवाज घेऊ का? त्याच्याकडे छोटंसं यंत्र होतं.

‘घेऊन काय करशीन?’

गाण्यात घालीन, म्हणाला.

‘किती जन ऐकतीन?’

‘बहुत लोग. पूरी दुनिया.’

आक्काने थोडा विचार केला. ‘घे मंग. जितके ऐकतीन तितक्यायच्या कानी त्याचं नाव जाईन. फक्त नाव नीट येऊ दे. पुरं.’

मी ते टोबीला हिंदीत सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि मान डोलवली. आमच्याकडे मान हलली की शब्द झाला. सोयरिकी मानेवर जुळतात, बैलजोड्या मानेवर सुटतात. आक्काने पदर खोचला आणि उभी राहिली. तिचा सूर ठरलेला. मी काळी चार धरली. ती गायली ते मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की नावावर आली तेव्हा माझ्या हातातला भाता थांबला होता आणि मला ते कळलं नव्हतं. सूर तिचा तिनेच धरला होता. धम्मदीप किसन इंगळे. साधु, साधु, साधु. टोबी सतरंजीत तोंड घालून रडत होता.

सरस वाळला. टोबी गेला.

गाणं आलं ते पुढच्या वर्षी. पोरांनी फोनवर शोधून काढलं. लाखो लोकांनी ऐकलं म्हणे. वानखडे सरांनी रीतसर घोषणा केली, विहारात स्पीकर लावला, बाया नवीन लुगडी नेसून आल्या. आक्काला पुढे बसवलं. नवरीसारखी लाजत होती. सुरुवातीला तंबोरा. मग तिचा आवाज, इतका स्वच्छ की विहारात ती गायली तेव्हाही तसा ऐकू आला नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ‘आक्का, तू तं फेमस झाली ना!’ ती हाताने गप्प करत होती. ‘थांबा रे. नाव येऊन राह्यलं.’

गाथा चढली. टिपेला गेली. आणि नावाच्या जागी ढोल पडला.

मोठा, पोटात धडक मारणारा ढोल. त्यामागून टोबी इंग्रजीत गाऊ लागला. मी कोणी नाही, तू कोणी नाहीस, असं काहीसं. गोड गातो तो. चाल उत्तम होती. मी वाजवणारा माणूस, मला खोटं बोलता येत नाही. फार उत्तम चाल होती.

आक्का थांबून राहिली. गाणं संपलं. ‘पुन्हा लाव,’ म्हणाली. पुन्हा लावलं. ती उठून स्पीकरजवळ गेली आणि जाळीला कान लावून बसली.

‘ढोलाच्या खाली दबलं असंन,’ ती म्हणाली. ‘ढोल कमी कर ना, लहान्या.’

‘आक्का, तसं नाई होत.’

‘तुले पेटीतलं सगळं समजते आणि एवढा ढोल उचलता नाई येत?’

‘खाली नाई आहे, आक्का. कापलं त्यायनं.’

वानखडे सर घसा साफ करून पुढे आले. भला माणूस. त्यांना वाटलं, धीर द्यावा. म्हणाले, ‘विमलबाई, आपण शिकलो ना, आत्मा नाही, मी नाही. मग नावाचं काय एवढं?’

आक्का त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. ‘सर, आत्मा नाई हे मलेही पाठ आहे. तुम्हीच शिकवलं. पन नाव तं होतं ना त्याले.’

सर खाली बसले.

मी टोबीला फोन लावला, चेहरा दिसतो तो. आक्का शेजारी. त्याने तिला पाहून आनंदाने हात जोडले, आणि मी सांगत गेलो तसा त्याचा चेहरा उतरत गेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मी आज किती सुखात असतो! शिव्या द्यायचा माझा घसा अजून शाबूत आहे. तो म्हणाला, कापताना त्यालाही वाईट वाटलं होतं. पण तिकडे गाण्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना वाटलं की नाव ठेवलं तर ते गाणं एका माणसाचं होतं. नाव काढलं की सगळ्यांचं होतं.

मी आक्काला सांगितलं.

‘सगळ्यायचं?’ ती म्हणाली. ‘सगळे मेले का मंग?’

हे मी टोबीला सांगितलं नाही. पण त्याला कळलं असावं. तो म्हणाला, आता गाणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, तरी विचारतो. आक्काचं नाव गाण्याखाली घालता येईल. ‘माह्यं नोको,’ ती म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली. टोबीने नंतर दोनदा फोन केला. विचारलं होतं त्याने. जमलं नव्हतं.

मी यावर खूप विचार केला आहे. दुकानात गिऱ्हाईक नसतं, विचाराला जागा भरपूर. टोबीने जे केलं ते आमच्याच शिकवणीवर केलं, ही त्यातली जास्त बोचणारी गोष्ट. ‘मी’ नाही हे त्याला आम्ही सांगितलं. त्याने ते मनापासून घेतलं, घरी नेलं, आणि कात्री म्हणून वापरलं. शिकवण खरी होती. ती ज्या सतरंजीवर बसून सांगितली होती ती मात्र नेता आली नाही, आणि त्या सतरंजीवर बसलेली माणसंही. विचार उचलून नेता येतो, सूर नेता येतो. दगडू नावाच्या माणसाच्या पणतूचं नाव धम्मदीप असणं म्हणजे काय, हे कुठल्या यंत्रात मावणार?

आणि दुसरं. आम्ही तरी काय सोवळे आहोत? मी लग्नांमधून सिनेमाच्या चालींवर नवी गाणी बसवत आयुष्य काढलं. पेटीचे पाय काढताना आम्ही कुणाला विचारलं होतं? तिकडच्या कुठल्या सुताराची म्हातारी बहीण रडली असेल कुणास ठाऊक. गाणी अशीच इकडून तिकडे जातात, तुकडे पाडत, नवीन शिवत, आणि त्यातूनच नवीन काहीतरी जन्माला येतं. हे मला मान्य आहे. मी याच उद्योगाचा माणूस. पण मग रात्री जेवताना आक्काचा स्पीकरला लावलेला कान आठवतो आणि हातातला घास मी ताटात परत ठेवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एका पंगतीत बसत नाहीत.

मागच्या साली उन्हाळ्यात मोताळ्याला दुसऱ्या एका बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. वरात निघाली. सलीमभाईची साउंडची गाडी पुढे. सलीमभाई माझा जुना दोस्त, त्याचे स्पीकर मीच दुरुस्त करतो. पोरांच्या फर्माइशी चालल्या होत्या, आणि कुणीतरी ते गाणं सांगितलं, त्याचं नाचायचं रूप, ढोल दुप्पट. आक्काचा आवाज मोताळ्याच्या रस्त्यावर चढू लागला. पोरं हात वर करून थांबली, कारण पुढे ढोल पडणार हे सगळ्यांना पाठ. पडला. पोरं उडाली. हळद लागलेला नवरदेवही उडाला.

आक्का बायांमध्ये होती. जागेवर उभी राहिली आणि मागून येणाऱ्या बाया तिला वळसा घालून जाऊ लागल्या. सलीमभाईने गाडीवरून तिला पाहिलं. त्याला गोष्ट माहीत होती, हेच ते गाणं हे माहीत नव्हतं. त्याने सगळं बंद केलं.

‘काऊन बंद केलं बे?’ पोरं ओरडली.

‘मशीन गरम हो गई,’ सलीमभाई म्हणाला. मशीन थंडगार होती. मग खाली उतरून माझ्याजवळ आला. ‘भाई, माँ है वो. मेरी गाड़ी पे अब नहीं बजेगा.’ त्याच्या गाडीवर परत वाजलं नाही. पण जिल्ह्यात गाडी काय एकच आहे?

त्यानंतरच्या वर्षावासात, म्हणजे मागच्याच साली, आक्काची पाळी आली. उभी राहिली. गाथा म्हणू लागली. आवाज तोच, उलट जास्त पिकलेला. चढली, टिपेला आली, आणि मागच्या रांगेत बसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तोंडाने ढोल दिला. धूम! खोडी नव्हती ती. त्यांना वाटलं, असंच असतं. त्यांनी ही गाथा आधी फोनवर ऐकली होती, विहारात नंतर.

आक्काचा श्वास तुटला. तिने पुन्हा तोंड उघडलं. नाव आलं नाही. ती उभी होती, ओठ हलत होते, आणि नाव येत नव्हतं. मग ती बसली. खीर वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘लहान्या, त्या पोरायले बोलू नोको. पोरं नाई करत. मलेच ऐकू येते. वर गेली का ढोल येते. नावाच्या जाग्यावर येऊन बसला तो.’

‘सूर बदलू आपन. काळी दोनवर घेऊ.’

‘घरी म्हनून पाह्यलं. सूर उतरवला तं ढोलबी उतरून येते.’

‘मंग पुढल्या साली दुसरं कोनी म्हनंन.’

‘त्याची माय मी आहे का दुसरं कोनी?’

वर्षभर ती गायली नाही. भाकरी थापताना, निंदताना, जी बाई सतत काहीतरी गुणगुणायची, ती मुकी झाली. जगातल्या कुठल्या कुठल्या शहरात तिचा आवाज वाजत होता, आणि आमच्या गावात तो ऐकू येणं बंद झालं होतं. मी विनोद करून पाहिले. ती हसायची, पण माझ्यावर उपकार केल्यासारखी.

म्हणून या साली सतरंजीवर शिंकलो तरी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिच्या दानाची पाळी येणार होती. वानखडे सर बेचैन. ते मला दोनदा म्हणाले, ‘नुसतं फलकावर नाव लिहिलं तर?’ मी म्हणालो, ‘तुम्हीच सांगा तिला.’ त्यांनी सांगितलं नाही.

परवा पाळी आली. दिवसभर झिमझिम होती, सोयाबीन पायलीभर पाणी पिऊन तरारलं होतं. विहार भरलं. आयांनी आपापली पोरं मांडीवर घेतली होती आणि हात त्यांच्या तोंडाजवळ तयार ठेवले होते. वाचन झालं. सरांनी ग्रंथ मिटला आणि आक्काकडे न पाहता म्हणाले, ‘आजचं दान विमलबाईंचं.’

ती उठली. मी काळी चार धरली. भाता हलतो आहे, सूर भरून राहिला आहे, आणि ती नुसती उभी. सूर कुठवर धरायचा? माझा हात भरून आला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मला वाटलं, आता ही बसणार. बसली तर परत कधी उठणार नाही.

तिने गाथा म्हटलीच नाही.

ती एकदम टिपेवरच आली, पायऱ्या न चढता, आणि तिने नाव घेतलं. ‘धम्म’वर जोर दिला, ‘दीप’ लांबवत नेला, वळवला, पुन्हा वर काढला. बापाचं नाव सावकाश खाली आणलं. आडनाव जमिनीवर ठेवलं. मग परत वर गेली आणि पुन्हा तेच. ढोल कुठे पडणार? ढोल पडायचा तो गाथेच्या शेवटी. तिने गाथाच सोडून दिली होती. ती आता त्या फोनमधल्या गाण्याची. इतक्या वर्षांची, आमच्या आयांनी चुलीशी घोळवलेली गाथा. ती तिच्या तोंडून मी परत ऐकणार नाही, हे मला भाता दाबता दाबता कळत होतं. त्यांनी जेवढं कापलं होतं, तेवढंच ती गात राहिली.

थांबली. गाथेशिवाय नुसतं नाव झाल्यावर साधु म्हणायचं की नाही, हे आमच्या रीतीत कुठे नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे.

आक्काने सगळ्या विहारावरून नजर फिरवली.

‘म्हना ना,’ ती म्हणाली.

आम्ही म्हटलं.